हिरवं पेन घ्यावं की न घ्यावं

४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना धाकटीचा नमस्कार.

सव्वीस वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही एका खरेदीबद्दल सल्ला विचारायला. हसा नाहीतर रागवा, पण फाडायच्या आधी एवढं पान तरी वाचा. पत्ता आपल्या ऑफिसातल्या शिपाईकाकांनी दिला. पेन्शनच्या रांगेत भेटले. अजून तस्सेच आहेत, एका कानाने ऐकतात आणि चार जणांना सांगतात. म्हणाले, मोठ्या बाई एकट्याच राहतात, कुणाकडे काही मागत नाहीत. मी म्हटलं, त्यांनी कधी मागितलंय?

तर विषय असा. आमच्या घरापासून दोन चौक सोडून एका गल्लीत जुन्या पेनांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. तिथले पेनवाले म्हणजे एक नमुना. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा, आणि पेनाला हात लावायच्या आधी स्वतःचे हात पुसतात, मग आपल्याला पुसायला लावतात. त्यांच्या काचेच्या कपाटात खालच्या फळीवर एक पेन आहे. गडद हिरवं, काळ्या रेषांचं, बाजूला शाई ओढायचा खटका, टोपणाला सोनेरी कडं. आता अशी पेनं कुणी बनवत नाही. हौशी मंडळी म्हणे लांबून शोधत येतात.

घेण्याच्या बाजूने बरंच आहे. आतली रबरी पिशवी नवीन घातलेली आहे. टोपण घट्ट बसतं. हातात धरलं की वजन बरोबर अंगठ्याच्या खाली येतं. पेनवाले म्हणतात, पेन कोरं आहे, त्यात कुणी कधी शाईच भरली नाही, म्हणून एवढी किंमत. किंमत मी लिहीत नाही, तुम्ही पत्र वाचायचं थांबाल.

न घेण्याच्या बाजूने आमचे हे आहेत. त्यांना आरामखुर्ची हवी आहे, पाय वर करायची, आणि दोन्ही गोष्टी एका वर्षात होणार नाहीत. ते म्हणतात, "रिटायर झालीस, आता लिहायचं काय? दुधाचा हिशोब?" शिवाय पेन जुनं म्हणजे नखरे आले. आठवड्याला धुवायचं, कोरडं करायचं, आडवं ठेवायचं नाही. एवढी बडदास्त मी ह्यांचीही ठेवत नाही.

तुमच्याकडे असंच एक होतं, म्हणून तुम्हाला विचारते. बाकी काही नाही.

आपली,
धाकटी


१३ फेब्रुवारी

मोठ्या बाई,

उत्तर नाही. नसू दे. मी तरी कुठे सव्वीस वर्षं पत्रांचा पाऊस पाडला होता?

आधीच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. चोराच्या मनात चांदणं, म्हणून लपवली. त्या पेनाने मी दुकानात लिहून पाहिलं होतं. पेनवाले निब शाईत नुसती टेकवून देतात आणि एक पॅड पुढे करतात. लोक त्यावर सह्या करतात. मी आपली सवयीने ऑफिसातली ओळ लिहिली, 'जन्माचा दाखला'. शाई पाहायला आपण दोघी रोज सकाळी हीच ओळ लिहायचो ना? मग चष्मा लावून पॅडवर पाहिलं. प्रत्येक उभ्या रेघेच्या खाली, डावीकडे, केसाएवढा बारीक वळसा. तुमच्या पेनाचा वळसा.

बाई, ते पेन तुमचंच आहे. दुसरं कुठलंही असूच शकत नाही. चौकशीच्या वेळी तपासनिसाने ते पाकिटात घालून लाखेने बंद केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे ऑफिस हललं, जुनी कपाटं भंगारात गेली, त्यातून फिरत फिरत इथे आलं असणार. पेनवाले म्हणतात, एका बंद पडलेल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या खणात सापडलं, कोरं होतं. विकणारा असंच म्हणणार. जुनी सायकल विकणारा कधी सांगतो का, की हिच्यावरून मी तीन वेळा पडलो म्हणून?

पेन पाहिल्यापासून मला ते सात आठवडे आठवतायत. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगू द्या. मी हे ह्यांनाही धड सांगितलेलं नाही.

मला लागून चार महिने झाले होते. नोकरी पक्की व्हायला सहा लागायचे, आणि मध्ये पंधरा दिवसांपेक्षा जास्त रजा झाली की पुन्हा पहिल्यापासून. घरात माझ्या एकटीच्या पगारावर चूल पेटत होती, ह्यांचं काम सुटलेलं. अशात मी वरच्या फळीवरची वही काढताना स्टुलावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. ऑफिसचा नियम तर दगडावरची रेघ: एका वहीला एकच हात. वर्षाची जन्मनोंदीची वही ज्या अक्षरात सुरू झाली त्याच अक्षरात संपायची. अक्षर बदललं की साहेबांची सही, कारण, खुलासा, आणि माझी सुट्टी.

तुम्ही माझी वही समोर ओढलीत, दोन पानं नीट पाहिलीत आणि म्हणालात, "तू चिठ्ठ्या वाच. मी लिहिते." बस. एवढंच. दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठ्या मी वाचायच्या, आणि तुम्ही स्वतःची मरणनोंदीची वही संपवून माझी जन्माची लिहायची, माझ्या अक्षरात. माझा कोंबडीच्या पायांचा 'झ' तुम्ही इतका हुबेहूब काढलात की मलाच त्याची लाज वाटली. साहेब फक्त शनिवारी यायचे सह्यांना. थंडीचे दिवस होते, मी प्लास्टरवर शाल घ्यायची. ते म्हणाले होते, "या बाई फारच थंडीच्या दिसतात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हो ना, रक्त कमी आहे." मी हसू दाबता दाबता चिठ्ठी चुरगाळली होती.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. अक्षर पुन्हा जमेना. मग तुम्ही लिहिलेली वही मी रोज शालीखालून घरी नेली, पानांवर पातळ कागद ठेवून तीन आठवडे गिरवलं, आणि तोवर दिवसा वही तुम्हीच लिहिलीत. तुम्ही माझी नक्कल केली, मी तुमच्या नकलेची केली. साहेबांना काडीचा फरक कळला नाही. नोकरी पक्की झाली. त्या नोकरीवर घर उभं राहिलं, मुलगी शिकली, ह्यांना पुन्हा उभं राहायला दोन वर्षं मिळाली. आज मी ज्या खिडकीशी बसून लिहितेय ती खिडकी तुमची आहे, बाई. मी कधी आभार मानले नाहीत. आज मानते. उशीर झाला म्हणून कमी मानून घेऊ नका.

पेन घेते आणि तुम्हाला पाठवते. नको म्हणू नका.

धाकटी


२१ फेब्रुवारी

मोठ्या बाई,

आभार मानून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय. आठ दिवस घास उतरत नाहीये. ह्यांनी काल विचारलंच, "पेनापायी आजारी पडणार आहेस का?" मग त्यांना सगळं सांगितलं. आता तुम्हाला सांगते. तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. मला माहीत आहे, एवढं पुरे.

ती जुळी. पाच वर्षांनी त्यांचे वडील ऑफिसात आले, दोन मुली दोन हातांना धरून. एकीची नोंद वहीत होती, दुसरीची नव्हतीच. शाळा म्हणाली, दाखला आणा. दाखला कुठून आणणार, वहीच्या लेखी ती जन्मलेलीच नव्हती. तपासनीस आले, वही उघडली, भिंग लावलं. तो वळसा त्यांनीच शोधला. आधीच्या महिन्यात वळसा नाही, या पानावर आहे, म्हणजे पेन वेगळं. मग सगळ्यांची पेनं मागवली. तुमची निब एका बाजूने झिजलेली निघाली.

तपासनीस म्हणाले, "हे पेन कुणाचं?"

तुम्ही उभ्या राहिलात. "पेन माझं आहे. हातही माझाच आहे."

एवढ्यावर चौकशी संपली. पुढची पानं त्यांनी उलटलीच नाहीत. कबुली मिळाल्यावर कोण पानं उलटतंय? दुसऱ्याची वही लिहिली आणि नोंद गाळली, हे दोन ठपके. तुमची बढती गेली, बदली झाली, त्या लांबच्या कोंदट दप्तरखान्यात. पुढे बढतीची ती खुर्ची मला मिळाली. माझ्यावर साधा शेरासुद्धा नाही. मी म्हणे त्या दिवशी आजारी होते, मला काय ठाऊक.

आता ऐका. तुम्ही नोंद गाळली नव्हती. तुम्ही ऐकलं तेवढं लिहिलंत. वाचणारी मी होते. त्या दोन्ही चिठ्ठ्या दवाखान्याने एका टाचणीत लावून पाठवल्या होत्या. आपली पद्धत होती, आधी टाचणी काढायची, चिठ्ठ्या मोजायच्या, मग वाचायचं. तुम्हीच शिकवलेली. माझ्या एका हाताने टाचणी निघेना. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही आधीच माझ्यासाठी मरत होतात, म्हणून मी ती तशीच ठेवली आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटल्या. फक्त वरची वाचली. खालची मी पाहिलीच नाही.

चौकशीच्या टेबलावर त्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा टाचणी अजून तशीच होती. मी ओळखलं. तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि मूग गिळून बसले. त्या मुलीचं शाळेचं एक वर्ष गेलं, तुमची उरलेली सगळी वर्षं गेली. तुमच्या निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली. डोकं दुखतंय म्हणून चिठ्ठी पाठवली. डोकं दुखत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतंत तर मी तिथेच बोलले असते, आणि मला बोलायचं नव्हतं.

म्हणून हवंय मला ते पेन. तुमच्याकडून जे जे गेलं त्यातलं एवढं एकच मला दुकानात मिळतंय.

धाकटी


२६ फेब्रुवारी

(कार्डावर लिहितेय, घाईत.) पेनवाले म्हणाले, एक हौशी गृहस्थ त्याच पेनासाठी दोनदा येऊन गेले, महिनाअखेरपर्यंतच तुमच्यासाठी ठेवतो. घ्यावं की न घ्यावं हे आता विचारत नाही. ह्यांनी आरामखुर्चीचा विषय स्वतःहून सोडला. म्हणाले, "घे ते पेन. मी पाय खालीच ठेवीन." मला या माणसाचे आभार कधी मानायचे तेही राहिलंय.


३ मार्च

मोठ्या बाई,

तुमचं पत्र अठ्ठावीसला आलं. पायात चपला होत्या, पर्स हातात होती, पेनवाल्यांकडेच निघाले होते. पाकिटावर परकं अक्षर पाहून ते उभ्या उभ्याच फाडलं. आत पहिली ओळ, "डोळे अधू झालेत, शेजारच्या शिक्षिकेला सांगून लिहून घेतेय, तेव्हा रडारड करू नकोस, तिला संकोच होतो." तिथेच दारात बसले आणि रडले. शिक्षिकेला माझा नमस्कार सांगा.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटायला आल्या. "पेन घेऊ नकोस. माझं पेन माझ्याकडे आहे. चौकशी संपल्यावर तीन महिन्यांनी पाकिटातून परत आलं. खणात आहे." इथे मी थांबले. म्हणजे दुकानातलं कुणाचं? मग पुढची ओळ. "आणि तो वळसा निबचा नव्हता. तपासनीस हुशार असता तर त्याला कळलं असतं. वळसा मी मुद्दाम सोडत होते. दुसऱ्याच्या वहीत लिहितेय, उद्या काही निघालंच तर माझ्या ओळी कुठल्या ते दिसायला हवं. नाहीतर तुझ्या गळ्याशी आलं असतं."

बाई, तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं? चूक व्हायच्याही आधी?

आणि शेवटचं. "तुझी पत्रं मी भिंगाखाली धरली. कशाने लिहितेस ठाऊक नाही, पण तुझ्या प्रत्येक उभ्या रेघेखाली माझी खूण आहे. ती तू का काढतेस?"

मी तुम्हाला साध्या बॉलपेनने लिहितेय. दुधाच्या वहीबरोबर फुकट मिळालेल्या. चष्मा लावून स्वतःचं अक्षर पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेले. साखर, मीठ, डाळ, डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या. मुलीच्या लग्नातली यादी काढली. सगळीकडे वळसा. ह्यांना दाखवलं तर म्हणतात, "तुझं अक्षर कायम असंच आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!" मी तुमच्या पानांवर गिरवत बसले तेव्हा तुमची खूणही गिरवली. मला वाटलं माझंच अक्षर परत आलं.

कॉम्प्युटर आले तोपर्यंत मी पुढं आणखी अठरा वर्षं वह्या लिहिल्या. हजारो मुलं. म्हणजे मी केलेल्या सगळ्या चुकाही तुमच्याच नावावर! ह्या विचाराने आधी हसले. मग हसता येईना.

पेनवाल्यांकडे गेले ते माफी मागायला. त्यांनी भिंग हातात दिलं आणि निब दाखवली. टोक अगदी गुळगुळीत, कुठे झीज नाही. खरंच कोरं होतं हो. मी त्या भल्या माणसाला मनात खोटारडा म्हणत होते. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, माझं 'जन्माचा दाखला'चं पान पॅडवरून फाडलं आणि मला दिलं. पेन त्या हौशी गृहस्थांनी नेलं. जाऊ दे. चांगलं पेन आहे, त्यांना लखलाभ.

काल मी आपल्या खात्याच्या वरिष्ठांना अर्ज पाठवला. प्रत सोबत आहे. त्यात टाचणी, चिठ्ठ्या, तारीख, सगळं लिहिलंय, आणि पहिलंच वाक्य आहे, वाचणारी मी होते. तुमच्या कागदावरचा नोंद गाळल्याचा ठपका पुसावा असं मागितलंय. दुसरा ठपका, वही लिहिल्याचा, तो पुसता येणार नाही, ते तुम्ही केलंच होतं. ह्यांनी विचारलं, तुझ्या पेन्शनचं काही होईल का? म्हटलं, झालं तर खुर्ची पुढच्याही वर्षी नाही. ते बरं म्हणाले आणि पाकिटाला तिकीट लावायला बसले.

तुम्ही लिहिलंत, टाचणी तुम्हालाही त्याच टेबलावर दिसली होती. आणि पुढे, "चुकीचा राग मला कधीच नव्हता. निरोपाला आली नाहीस त्याचा होता. तो अजून थोडा आहे." थोडाच आहे ना? तो मी समोर बसून घेते. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघतेय, दुपारपर्यंत पोचेन. जेवायला काही करू नका, मी डबा आणते. ह्यांनाही यायचंय. गाडीत मागच्या बाकावर बसवते.

त्या शिक्षिकेला म्हणावं, रविवारी तुम्हाला सुट्टी. तुमच्या बहिणीला उत्तर राहिलंय म्हणता, दवाखान्याचा अर्ज राहिलाय म्हणता, सगळं काढून ठेवा. खणातलं तुमचं हिरवं पेन धुऊन कोरडं करून ठेवा, येताना शाई मी आणते. यावेळी तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं. कुणी विचारलंच तर सांगीन, पेन मोठ्या बाईंचं आहे, आणि हातही त्यांचाच आहे.

तुमची,
धाकटी